एम.टेक. मेकॅनिकलचं दुसरं वर्ष: आकडा आला, पण तो किती चुकू शकतो?

मेकॅनिकलचा एम.टेक. किंवा एम.ई.चा प्रबंध समोर आला की जाणता परीक्षक रंगीत कंटूरकडे आणि त्रिमिती आलेखांकडे फारसं बघत नाही. तो एखादा आकडा उचलतो. समजा, 'कमाल ताण २८७.४३ मेगापास्कल'. मग विचारतो, हा कशावरून? मेश (गणितासाठी वस्तूचे पाडलेले छोटे तुकडे) दुप्पट बारीक केला तर किती येईल? दशांशानंतरचे दोन अंक कुठून आले? उत्तरं तयार असतील तर पुढची व्हायव्हा गप्पांसारखी होते. नसतील तर वर्षभराचं काम त्या एका आकड्यापाशी अडतं.

बी.ई.ला उत्तर काढता आलं की पुरतं. एम.टेक.ला ते उत्तर किती चुकू शकतं हेही सांगता यायला हवं. माझ्या मते या पदवीचं सगळं मोल त्यातच आहे, आणि प्रोजेक्टची आखणी पहिल्या दिवसापासून त्या हिशेबानं करावी. ती कशी करायची, त्याबद्दल ही पोस्ट.

प्रवेशाचं आधी थोडक्यात. गेट ही प्रवेशपरीक्षा तीन तासांची, ६५ प्रश्नांची, १०० गुणांची. त्यातले १५ गुण जनरल ॲप्टिट्यूडचे. एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांना निगेटिव्ह मार्किंग आहे: एका गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश, दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश. आकडा टाइप करायच्या आणि अनेक पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांना ते नाही, त्यामुळे हे प्रश्न कोरे सोडण्यात काहीच अर्थ नाही. स्कोअर तीन वर्षं चालतो. आयआयटींच्या ऑफर कोॲप पोर्टलवर येतात, एनआयटींचे प्रवेश सीसीएमटी या सामाईक प्रवेशप्रक्रियेतून होतात, आणि राज्यातल्या कॉलेजांसाठी सीईटी सेलची कॅप (केंद्रीय प्रवेश) फेरी असते. गेट पात्र असाल तर एआयसीटीईची पीजी स्कॉलरशिप महिना १२,४०० रुपये, जास्तीत जास्त २४ महिने.

शाखा निवडताना नावापेक्षा लॅब बघा. आयआयटी मुंबईत मेकॅनिकलच्या तीन वाटा आहेत: थर्मल आणि फ्लुइड्स, डिझाइन, मॅन्युफॅक्चरिंग. इतरत्रही नावं बदलतात, पण विभागणी साधारण हीच. दुसऱ्या वर्षी रोज ज्या खोलीत बसायचं आहे तिथलं कोणतं यंत्र आज चालू आहे, त्याचं शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं, आणि ते चालवणारा माणूस आहे का, हे प्रवेशापूर्वी एखाद्या सीनियरला विचारून घ्या. माहितीपत्रकात यूटीएमचा (नमुना ताणून चाचणी घेणाऱ्या यंत्राचा) फोटो असतो. त्याचा एक्स्टेन्सोमीटर (नमुना किती ताणला ते मोजणारं साधन) हरवलेला आहे हे सीनियरच सांगतो.

पहिलं वर्ष: एक कोड स्वतःचा

पहिल्या वर्षी कंटिन्युअम मेकॅनिक्स, एफईएम (वस्तूचे छोटे तुकडे करून ताण काढायची पद्धत), न्यूमरिकल मेथड्स, ॲडव्हान्स्ड हीट ट्रान्सफर, व्हायब्रेशन यातले तीन-चार विषय प्रत्येकाच्या वाट्याला येतात. परीक्षेपुरतं वाचायचं असेल तर जुन्या प्रश्नपत्रिका पुरतात. पण त्याच महिन्यांत एक छोटा कोड स्वतःच्या हातानं लिहून ठेवला तर दुसऱ्या वर्षी सॉफ्टवेअर आत काय करतं याचा अंदाज येतो. पायथन चालेल, सायलॅब चालेल. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं सायलॅब आणि ओपनफोम (प्रवाहाच्या गणिताचं सॉफ्टवेअर) यांवरचं शिकवणीसाहित्य फुकट मिळतं, आणि एनपीटीईएलवर जवळपास प्रत्येक विषयाची व्याख्यानं आहेत.

सुरुवातीला एकमितीय उष्णतावहन घ्या. स्टीलची पट्टी, थर्मल डिफ्युझिव्हिटी (उष्णता किती लवकर पसरते ते) १.२ × १०⁻⁵ चौ.मी. प्रति सेकंद, ग्रिडमधलं अंतर १ मिमी. एक्स्प्लिसिट पद्धतीत (पुढच्या क्षणाचं तापमान थेट आधीच्या क्षणावरून काढतात ती) टाइम स्टेपला मर्यादा असते: डिफ्युझिव्हिटी गुणिले टाइम स्टेप भागिले अंतराचा वर्ग, हे ०.५च्या आत राहिलं पाहिजे. इथे ती मर्यादा ०.०४२ सेकंद येते. ०.०४ सेकंद दिले तर कोड मुकाट चालतो. ०.०५ दिले तर थोड्याच स्टेप्सनंतर शेजारच्या दोन नोडांची तापमानं एक हजारोंत वर, दुसरं हजारोंत खाली अशी दिसू लागतात. आता अंतर अर्धं करा. टाइम स्टेप एक चतुर्थांश करावी लागते. मेश बारीक करायची किंमत वेळेत कशी मोजावी लागते, ते हे एकदा करून पाहिलं की पक्कं डोक्यात बसतं.

विषय निवडताना

विषयाच्या नावात 'ऑप्टिमायझेशन' असलं की सिनॉप्सिस पटकन मंजूर होतो, म्हणून तो शब्द सर्रास येतो. विषय घेण्याआधी तीन गोष्टी तपासा. कोणती एक राशी मोजायची आहे? ती तुमच्याकडच्या साधनानं किती अचूक मोजता येते? आणि ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे अशी जवळची सोपी केस कोणती? तिसऱ्याचं उत्तर नसेल तर विषय थोडा आवरा किंवा बदला, कारण तुमचा सेटअप किंवा मॉडेल बरोबर चालतंय हे दाखवायचा दुसरा रस्ता नाही.

मॅन्युफॅक्चरिंगवाल्यांच्या हमखास सापळ्याबद्दल इथेच बोलतो: तागुचीचा एल९ ॲरे, म्हणजे कमी प्रयोगांत अनेक घटक तपासायची ठरलेली मांडणी. नऊ प्रयोग, चार कॉलम, प्रत्येक कॉलमला तीन लेव्हल. कटिंग स्पीड, फीड, डेप्थ ऑफ कट आणि चौथं काहीतरी, बहुधा नोज रेडियस किंवा कूलंट, घालून चारही कॉलम भरले जातात आणि मग अनोव्हाचा (कोणत्या घटकाचा परिणाम खरा ते ठरवणारा) तक्ता काढला जातो. आता हिशेब करा. नऊ प्रयोगांच्या एकूण डिग्रीज ऑफ फ्रीडम (स्वतंत्रपणे बदलू शकणारे आकडे) ८. प्रत्येक घटकाला २, म्हणजे चार घटकांना ८. एररसाठी उरलं शून्य. एफ-टेस्टला (घटकाचा परिणाम भागिले एरर) भागायला आकडाच नाही. मग सर्वांत कमी प्रभावाचा घटक 'पूल' करून एरर बनवतात, आणि उरलेले तीन अर्थातच 'सिग्निफिकंट' ठरतात. शिवाय घटकांमधली इंटरॅक्शन एल९मध्ये मुख्य प्रभावांत मिसळून जाते, ती वेगळी काढता येत नाही.

यावर उपाय महाग नाही. घटक तीनच घ्या आणि प्रत्येक प्रयोग निदान दोनदा करा. १८ रन होतात, पण एरर खरी मिळते. रनचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. स्पीड चढत्या क्रमानं घेतला तर टूलची झीज आणि स्पीडचा परिणाम एकमेकांत असे मिसळतात की नंतर कितीही गणित केलं तरी सुटत नाहीत. प्रत्येक रनला इन्सर्टची नवी कड वापरा. आणि टर्निंगमध्ये सरफेस रफनेस मोजत असाल तर एक हातचा हिशेब जवळ ठेवा: आदर्श आरए (सरासरी खडबडीतपणा) म्हणजे फीडचा वर्ग भागिले नोज रेडियसच्या ३२ पट. फीड ०.२ मिमी, नोज ०.८ मिमी असेल तर १.५६ मायक्रॉन. मोजलेला आकडा यापेक्षा जास्त येणं स्वाभाविक आहे, कारण बिल्टअप एज (टूलच्या धारेला चिकटलेला धातू), कंपन, झीज हे सगळं त्यात येतं. तो ०.७ आला तर आनंद मानू नका. प्रोब फीडच्या दिशेनं फिरवला होता का आणि कटऑफ किती ठेवला होता, हे आधी बघा.

सिम्युलेशन: आधी ती बीम

तुमचा कनेक्टिंग रॉड, चॅसिस, टर्बाइन ब्लेड जे काही असेल ते बाजूला ठेवा आणि त्याच सॉफ्टवेअरमध्ये, त्याच प्रकारच्या एलिमेंटनं ही केस सोडवा. स्टीलची कँटिलिव्हर बीम (एकाच टोकाला पक्की धरलेली), लांबी २०० मिमी, रुंदी २० मिमी, जाडी १० मिमी, टोकावर ५०० न्यूटन, यंग्ज मॉड्युलस २ लाख मेगापास्कल. मोमेंट ऑफ इनर्शिया १६६६.७ मिमी⁴, टोकाचं डिफ्लेक्शन बरोबर ४ मिमी, मुळाशी बेंडिंग स्ट्रेस ३०० मेगापास्कल आणि मधोमध, १०० मिमीवर, १५०. शिअरमुळे डिफ्लेक्शनमध्ये पडणारी भर ०.०१ मिमीपेक्षाही कमी, ती सोडून द्या. सगळा हिशेब कागदावर दहा मिनिटांचा.

आता जाडीत एकच एलिमेंट घेऊन, आठ नोडचं (आठ कोपरबिंदूंचं), पूर्ण इंटिग्रेशनचं ब्रिक, म्हणजे विटेच्या आकाराचं एलिमेंट, लावा, एलिमेंटची लांबी २० मिमी. डिफ्लेक्शन ४ मिमीच्या निम्म्यालाही पोचत नाही. याला शिअर लॉकिंग म्हणतात: सरळ कडांच्या एलिमेंटला वाकता येत नाही, त्यामुळे वाकण्याच्या जागी खोटा शिअर तयार होतो आणि तो सगळी ऊर्जा गिळतो. मग कुणीतरी सांगतं की रिड्यूस्ड इंटिग्रेशन (एलिमेंटच्या आत कमी बिंदूंवर हिशेब) घे, अबॅकस या सॉफ्टवेअरच्या भाषेत सी३डी८आर. जाडीत पुन्हा एकच ठेवलं तर या वेळी बीम उलट जास्तच लवते, कारण एलिमेंटचा एकमेव इंटिग्रेशन पॉइंट बरोबर न्यूट्रल ॲक्सिसवर बसतो, तिथे बेंडिंगचा स्ट्रेन शून्य, आणि एलिमेंटला वाकायला काही विरोधच उरत नाही. अवरग्लासिंग म्हणतात ते हेच. आर्टिफिशियल एनर्जी एकूण इंटर्नल एनर्जीच्या तुलनेत किती आहे ते आउटपुटमध्ये मागून घ्या. एक-दोन टक्के ठीक, त्याच्या बरीच वर गेली तर मेशवर विश्वास ठेवू नका.

जाडीत चार रिड्यूस्ड एलिमेंट घेतले की डिफ्लेक्शन पाच-सात टक्क्यांच्या आत येतं आणि बहुतेक जण इथे थांबतात. खरी गंमत पुढेच आहे. मधोमधचा स्ट्रेस वाचा. १५० हवा, सॉफ्टवेअर दाखवतं साधारण ११२ ते १२०. मॉडेल चुकलेलं नाही. वरच्या एलिमेंटचा इंटिग्रेशन पॉइंट पृष्ठभागावर नसतो, त्या २.५ मिमी थराच्या मध्यावर, म्हणजे न्यूट्रल ॲक्सिसपासून ३.७५ मिमीवर असतो. १५० गुणिले ३.७५ भागिले ५ बरोबर ११२.५; मॉडेल थोडं जास्त लवत असल्यानं आकडा १२०पर्यंत जाऊ शकतो. एकाच पॉइंटचं मूल्य नोडपर्यंत जसंच्या तसं नेलं जातं, म्हणून पृष्ठभागावरचा स्ट्रेस २०-२५ टक्के कमी दिसतो. डिफ्लेक्शन जुळलं म्हणून 'व्हॅलिडेटेड' लिहिलेल्या आणि त्याच मेशवर फटीग लाइफ (वारंवार पडणाऱ्या ताणाखाली भाग किती टिकेल ते) काढलेल्या प्रबंधात काय घडलेलं असतं, ते यावरून कळेल. फटीगमध्ये स्ट्रेसमधली २०-२५ टक्के चूक आयुष्यात कित्येक पटींनी वाढून बसते. वीस नोडचं रिड्यूस्ड ब्रिक घ्या, जाडीत दोन एलिमेंट असले तरी दोन्ही आकडे जागेवर येतात. टेट (चार पृष्ठांच्या तुकड्यांचा) मेश करावाच लागत असेल तर दहा नोडचा. चार नोडचं टेट स्ट्रेससाठी वापरू नका, मग मेशिंग कितीही सोपं वाटो.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दडली आहे. मुळाशी ३०० मेगापास्कल आला, पण आयएस २०६२च्या ई२५० स्टीलचा यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो तो) २५० आहे. लिनिअर मॉडेलला ते माहीत नाही, ते निमूटपणे ३०० दाखवतं. ही तुलना सॉफ्टवेअर करून देणार नाही.

फिक्स्ड टोकाच्या अगदी कडेचा स्ट्रेस वाचूच नका. तिथे, तीक्ष्ण आतल्या कोपऱ्यात आणि पॉइंट लोडखाली गणितातच सिंग्युलॅरिटी (ताण अनंताकडे जाणारी जागा) असते. मेश जितका बारीक, तितका आकडा वर: ३४०, ४१०, ५२०, असा वाढतच जातो, थांबत नाही. 'मेश कन्व्हर्जन्स होत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा या कोपऱ्यातून येते. ड्रॉइंगमध्ये २ मिमीचा फिलेट असेल तर तो मॉडेलमध्ये ठेवा आणि त्याच्या वळणावर निदान सहा-आठ एलिमेंट बसवा. फिलेट काढून टाकायचा असेल तर त्या कोपऱ्याचा स्ट्रेस रिपोर्टमध्ये देऊ नका.

स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशनसाठी तपासणीची केस म्हणजे भोक असलेली पट्टी. रुंदी १०० मिमी, भोक २० मिमी, जाडी १० मिमी, ओढ ४० किलोन्यूटन. उरलेल्या ८० मिमीवरचा नॉमिनल स्ट्रेस ५०, गुणांक साधारण २.५१, म्हणजे भोकाच्या कडेला १२५-१२६ मेगापास्कल. पुस्तकातला '३' हा आकडा अनंत रुंदीच्या पट्टीचा आहे. तो इथे नेट सेक्शनच्या स्ट्रेसला लावला तर १५० येतो आणि मग बरोबर असलेलं मॉडेल चुकीचं ठरवलं जातं.

सीएफडी: तीन मेश आणि एक गणित

सीएफडीच्या (प्रवाहाच्या सिम्युलेशनच्या) प्रबंधांत 'ग्रिड इंडिपेंडन्स टेस्ट' या मथळ्याखाली तीन आकडे आणि 'फरक नगण्य आहे' असं एक वाक्य, एवढंच बहुतेक ठिकाणी असतं. त्याऐवजी ग्रिड कन्व्हर्जन्स इंडेक्स द्या. पॅट्रिक रोश यांनी तो १९९४ साली मांडला, आणि तीन मेशवर कॅल्क्युलेटरनं काढता येतो.

समजा पाइपमधला लॅमिनार प्रवाह, भिंतीवर समान हीट फ्लक्स, आणि पूर्ण विकसित भागातला नसेल्ट नंबर (भिंतीकडून द्रवात उष्णता किती सहज जाते ते सांगणारा आकडा) हवा आहे. प्रत्येक वेळी सेलचा आकार निम्मा करत तीन मेश घेतले आणि उत्तरं आली ४.२०, ४.३२, ४.३५. पहिला फरक ०.१२, दुसरा ०.०३, गुणोत्तर ४. दोनाचा कितवा घात चार? दुसरा. म्हणजे तुमची पद्धत सेकंड ऑर्डरनं वागतेय, जशी वागायला हवी तशी. आता अनंत बारीक मेशचं अंदाजी उत्तर: ४.३५ अधिक ०.०३ भागिले ३, म्हणजे ४.३६. पाठ्यपुस्तकातलं उत्तर ४.३६४. इंडेक्स काढायला सापेक्ष फरक ०.०३ भागिले ४.३५, त्याला ३ नं भागून १.२५ नं गुणायचं: ०.२९ टक्के. आता 'मेशमुळे येणारी अनिश्चितता सुमारे ०.३ टक्के' असं वाक्य लिहिता येतं आणि त्यावर कुणी वाद घालत नाही. मेशमधलं गुणोत्तर १.३ पेक्षा कमी ठेवू नका, नाहीतर फरक राउंड-ऑफ आणि अर्धवट कन्व्हर्जन्समध्ये बुडतो. आणि गुणोत्तरातून ऑर्डर ०.४ किंवा ७ अशी काहीतरी येत असेल, तर सर्वांत जाड मेश अजून फारच जाड आहे असं समजा.

हीच केस करताना बऱ्याच जणांना ४.३६ च्या जागी ५ किंवा ६ येतो आणि आठवडा मेशमध्ये जातो. कारण बहुतेक वेळा पाइपच्या लांबीत असतं. लॅमिनार प्रवाहात थर्मल एंट्री लांबी साधारण ०.०५ गुणिले रेनॉल्ड्स गुणिले प्रँटल गुणिले व्यास. १० मिमी पाइप, रेनॉल्ड्स १०००, पाण्याचा प्रँटल ६ धरला तर ३ मीटर. वेगाचं प्रोफाइल अर्ध्या मीटरमध्ये विकसित होतं, तापमानाचं ३ मीटरला. मॉडेल १ मीटरचं असेल तर ४.३६ येणारच नाही, मेश कितीही बारीक करा.

टर्ब्युलंट प्रवाहात वाय प्लस (पहिल्या सेलचं भिंतीपासूनचं एककाविना मोजलेलं अंतर) आधी काढा, मेश नंतर बनवा. हवा २० मी./से., लांबी १ मी., तर रेनॉल्ड्स सुमारे १३ लाख, स्किन फ्रिक्शन गुणांक ०.००३५ च्या आसपास, फ्रिक्शन व्हेलॉसिटी ०.८३ मी./से. वाय प्लस १ साठी पहिल्या सेलच्या मध्याचं भिंतीपासूनचं अंतर ०.०१८ मिमी, वाय प्लस ३० साठी अर्धा मिमी. के-ओमेगा एसएसटी हे टर्ब्युलन्स मॉडेल भिंतीपर्यंत सोडवायचं असेल तर पहिलं, वॉल फंक्शन (भिंतीजवळचा थर सूत्रानं धरणं) वापरायचं असेल तर दुसरं. वाय प्लस ८-१० वर बसलेला मेश मात्र दोन्हीकडे अवघड. रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) १०⁻³ ला पोचले म्हणून सोल्यूशन झालं असंही नाही. जी राशी रिपोर्टमध्ये द्यायची आहे तिचा मॉनिटर लावा आणि ती शेवटच्या काहीशे इटरेशन्समध्ये हलत नाही हे बघा. आत-बाहेरचा मास फ्लो आणि उष्णता, दोन्ही जुळवा.

प्रयोग: तापमानातला फरक हाच घातक

थर्मलवाल्यांचा ठरलेला सेटअप: हीट एक्स्चेंजर, पाणी, थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी), रोटामीटर (प्रवाह दाखवणारी नळी). समजा पाणी मिनिटाला २ लिटर, आत-बाहेर तापमानाचा फरक ४ अंश. उष्णता सुमारे ५५७ वॅट. आता हा आकडा किती पक्का? बाजारातल्या स्टँडर्ड ग्रेडच्या के-टाइप थर्मोकपलची टॉलरन्स ±२.२ अंश आहे. उदार होऊन ±१ धरा. दोन थर्मोकपलच्या फरकातली अनिश्चितता १.४ अंश. ४ अंशांवर १.४ म्हणजे ३५ टक्के! रोटामीटर १० लिटरचा, फुल स्केलच्या २ टक्के. म्हणजे ०.२ लिटर, आणि २ लिटरवर ती १० टक्के होते. असा सेटअप घेऊन 'नॅनोफ्लुइडमुळे हीट ट्रान्सफर १२ टक्क्यांनी वाढला' असं लिहिलं, तर ती १२ टक्के वाढ अनिश्चिततेच्या आतच हरवते.

सुधारायला पैसे फार लागत नाहीत, दोन दिवस लागतात. सगळी थर्मोकपल्स एकत्र बांधून ढवळत्या पाण्याच्या बाथमध्ये, कॅलिब्रेट केलेल्या पीटी-१०० (प्लॅटिनमचा अचूक तापमापक) शेजारी ठेवा. ३० ते ७० अंश, दर १० अंशांना थांबून, प्रत्येक टप्प्यावर पाच मिनिटं रीडिंग स्थिर होऊ द्या. प्रत्येक थर्मोकपलसाठी सरळ रेषेची दुरुस्ती काढा. थर्मोकपल आणि लॉगरचं चॅनल यांची जोडी आता मोडायची नाही, वायरवर आणि टर्मिनलवर एकच नंबर चिकटवा, कारण दुरुस्ती त्या जोडीची आहे. लॉगर पंख्याच्या किंवा एसीच्या झोतात ठेवू नका, कोल्ड जंक्शन (थर्मोकपलचं लॉगरकडचं टोक) हलतं आणि सगळी चॅनल्स एकदम सरकतात. असं केलं की प्रत्येकाची उरलेली चूक ०.१ अंशाच्या आसपास येते आणि फरकातली ०.१४, म्हणजे ३.५ टक्के.

रोटामीटर नुसता सेटिंगसाठी ठेवा. प्रवाह बादली आणि स्टॉपवॉचनं मोजा: एक मिनिट पाणी गोळा करा, १ ग्रॅमच्या काट्यावर वजन करा. बटण दाबण्यात ०.३ सेकंदाची चूक झाली तरी अर्धा टक्का. दोन्ही चुकांच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ: साडेतीन टक्के. क्लाइन आणि मॅक्लिंटॉक यांची १९५३ सालची पद्धत ती हीच. हिशेबात कोणता घटक जड आहे हे कळल्यावर पुढचे पैसे तिथेच घाला. इथे तापमान जड आहे. पन्नास हजारांचा फ्लोमीटर घेऊन काही हाती लागणार नाही.

प्रत्येक रनला गरम बाजूची आणि थंड बाजूची उष्णता वेगवेगळी काढा. ५ टक्क्यांच्या आत जुळत नसेल तर ते रीडिंग बाजूला ठेवून कारण शोधा: इन्सुलेशन, हवेचे बुडबुडे, किंवा स्टेडी स्टेट येण्याआधीच लिहिलेलं रीडिंग. दहा मिनिटांत कोणतंही तापमान ०.२ अंशापेक्षा जास्त हललं नाही, तरच ती स्टेडी स्टेट. पृष्ठभागावरच्या थर्मोकपलची वायर लगेच हवेत उचलू नका, तीन-चार सेंटिमीटर पृष्ठभागालगतच नेऊन मग वर काढा. नाहीतर वायर स्वतःच उष्णता बाहेर नेते आणि जंक्शन थंड दिसतं.

मटेरियलवाल्यांसाठी दोनच गोष्टी. यूटीएमच्या क्रॉसहेडच्या सरकण्यावरून यंग्ज मॉड्युलस काढू नका. ग्रिप, स्क्रू आणि फ्रेम यांचंही ताणणं त्यात येतं आणि स्टीलचा मॉड्युलस २०० गिगापास्कलच्या कित्येक पट कमी दिसतो. एक्स्टेन्सोमीटर किंवा स्ट्रेन गेज हवाच. दुसरी, टेस्टमधला इंजिनिअरिंग स्ट्रेस-स्ट्रेन तसाच एफईएमच्या प्लॅस्टिसिटी तक्त्यात टाकू नका. स्ट्रेसला एक अधिक स्ट्रेननं गुणा, स्ट्रेनसाठी एक अधिक स्ट्रेनचा नैसर्गिक लॉग घ्या, त्यातून इलॅस्टिक भाग वजा करा, आणि हे सगळं नेकिंग (नमुना एका जागी बारीक होणं) सुरू होईपर्यंतच. स्पेसिमेन कापून घेताना शीटची रोलिंग दिशा मार्करनं आधीच आखून ठेवा, वायर-कटवरून आल्यावर ती ओळखता येत नाही.

वेळ कुठे जातो

कोटेशन आणि खरेदीत. तीन कोटेशन, तुलना-तक्ता, सह्या, पर्चेस ऑर्डर, मग व्हेंडरचा 'दोन दिवसांत देतो सर'. तिसरं सेमिस्टर सुरू होण्याआधी ड्रॉइंग तयार असेल तरच सेटअप दिवाळीपर्यंत उभा राहतो. ड्रॉइंगवर टॉलरन्स घालताना हात आखडता घ्या. सगळ्या मापांना ±०.०१ लिहिलं तर लेथवाला दुप्पट भाव सांगतो किंवा कामच घेत नाही. जिथे फिट बसायचा आहे तिथेच घट्ट टॉलरन्स, बाकी सगळीकडे ±०.२ पुरतो. गळतीची टेस्ट पहिल्या दिवशी, इन्सुलेशन गुंडाळण्याआधी.

लिहिण्याचं काम प्रयोगाच्या बरोबरीनं चालू ठेवा. साम्य-तपासणीत, यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे, १० टक्क्यांपर्यंत कारवाई होत नाही. १० ते ४० मध्ये सुधारून पुन्हा द्यायला लावतात. समीकरणांमागची प्रस्तावना आणि लिटरेचर सर्व्हे या दोन प्रकरणांतच बहुतेक साम्य निघतं. पेपर वाचल्यावर तो मिटून ठेवा आणि मग स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहा: त्यांनी काय मोजलं, कशानं मोजलं, अनिश्चितता किती दिली. शेवटच्या रकान्यात बऱ्याच पेपरांसमोर 'दिलेली नाही' असं लिहावं लागेल. तुमच्या कामाची जागा बहुधा तिथेच सापडते.

निकालाच्या तक्त्यात अंक तेवढेच ठेवा जेवढे खरे आहेत. अनिश्चितता साडेतीन टक्के असेल तर ५५७.३८ वॅट लिहू नका, ५५७ ± २० लिहा. आलेखावर एरर बार द्या. व्हायव्हाला जाताना बीमचा तो कागद, कॅलिब्रेशनचा तक्ता आणि तीन मेशचा हिशेब फाइलच्या वरच्या बाजूला असू द्या. आणि सबमिशनच्या सीडीत किंवा ड्राइव्हवर पीडीएफबरोबर सॉल्व्हरच्या इनपुट फाइल, लॉगरचा कच्चा डेटा, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि कोणतं थर्मोकपल कोणत्या चॅनलला होतं तो तक्ता, तारखेसह ठेवा. पुढच्या वर्षीचा विद्यार्थी तोच सेटअप वापरणार असेल, तर पहिल्याच आठवड्यात तो हा तक्ता मागेल.